शाळा आणि पक्षाचा झेंडा

शाळेच्या कारभारात पक्षाने शिरावे काय? बारामती-इंदापूरच्या खेड्यांतील प्राथमिक शाळा पूर्वी जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत; १९६२ साली त्या जिल्हा परिषदेकडे गेल्या. परिषदेची निवडणूक पक्षचिन्हांवर होते. त्यात आम्हांस पाप दिसत नाही. जाब कोणाला विचारावा, हे तरी कळते. पण शिक्षकाची बदली मतांच्या हिशेबाने होऊ लागली, तर भुर्दंड पोरांना बसतो. यावर इलाज पालकांच्याच हाती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. कामगार संघटनेत आम्ही एक शिकलो : सभासद घरी बसला, की पुढारी मालक होतो. शाळेचेही तसेच आहे. समितीच्या सभेला जा. रिकामी खुर्ची पक्ष भरणारच.