कोलिस्टिनची उलटी वाट

कोलिस्टिन हे प्रतिजैविक 1940च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलं. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी ते हळूहळू बाजूला ठेवलं, पण पशुपालनात ते चांगलंच रुळलं. केवळ आजारी जनावरासाठी नव्हे, तर डुकरं-कोंबड्यांनी लवकर वजन धरावं म्हणून रोजच्या खाद्यातही! दरम्यान इतर औषधं निकामी होत गेली आणि आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून हेच कोलिस्टिन परत आलं.

नोव्हेंबर 2015 मध्ये चिनी संशोधकांनी डुकरांतल्या ई. कोलाय जिवाणूत एमसीआर-1 हे जनुक सापडल्याचं जाहीर केलं. कोलिस्टिन धनभारित असतं. जिवाणूच्या ऋणभारित बाह्यावरणाला चिकटून ते त्याला खिंडार पाडतं. हे जनुक आवरणाचा ऋणभारच कमी करतं, मग औषधाला पकड मिळत नाही. खरी पंचाईत पुढेच आहे. जनुक बसलंय प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर. शेजारणीला विरजण द्यावं तसा एक जिवाणू त्याची प्रत दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही.

चीनने 2017 मध्ये वजनवाढीसाठीचा वापर थांबवला. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिरा, पण योग्यच.

आता आपल्या स्वयंपाकघरापुरतं: चिकनचा रस्सा नीट उकळला की त्यातले जिवाणू मरतात, कोलिस्टिनला प्रतिरोधक असले तरी. धोका असतो तो ओट्यावर. तेव्हा कच्चं चिकन कापलेली सुरी साबणाने धुतल्याशिवाय तिने कोशिंबिरीची काकडी चिरू नका.