खाणपट्टा, बांधीव क्षेत्र आणि पर्यावरणीय मंजुरी : मोजमापाच्या एककाचा प्रश्न

दगडखाणीस अथवा मोठ्या इमारतीस पर्यावरणीय मंजुरी द्यावी की देऊ नये, हा प्रश्न सामान्यतः लाभ आणि हानी यांच्या तुलनेचा म्हणून मांडला जातो. तो तसा आहेही. परंतु ही तुलना सुरू होण्यापूर्वीच आणखी एक प्रश्न सुटलेला असतो, व त्याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. ज्या गोष्टीचा परिणाम मोजावयाचा ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते? अर्ज एका खाणपट्ट्याचा असतो. धूळ, हादरे आणि विहिरींची घटणारी पातळी मात्र संपूर्ण डोंगराशी निगडित असतात. मंजुरीचे एकक आणि परिणामाचे एकक यांमध्ये पडणारे हे अंतर प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. ते अंतर कमी करण्याचे व पुन्हा वाढविण्याचे प्रयत्न लक्षात घेतले म्हणजे ह्या विषयातील बरेचसे नियम व न्यायनिर्णय एका सूत्रात गोवता येतात.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र शासनाने २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना काढली. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. हिच्यानुसार प्रकल्पांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग झाले. ‘अ’ वर्गाचा निर्णय केंद्रीय मंत्रालय घेते. ‘ब’ वर्गाचा निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरण घेते व त्यास राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती शिफारस करते. छाननी, व्याप्तिनिश्चिती, लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञांकडून परीक्षण अशा चार पायऱ्या अधिसूचनेत सांगितलेल्या आहेत. ‘ब’ वर्गातील प्रकल्पांचे पुन्हा दोन पोटवर्ग पडतात. ‘ब-१’ मधील प्रकल्पास आघात मूल्यांकनाचा अहवाल द्यावा लागतो. ‘ब-२’ मधील प्रकल्पास तो द्यावा लागत नाही.

ह्या वर्गवारीचे महत्त्व कार्यालयीन सोयीपुरते नाही. विचारविनिमयाच्या पायरीतच जनसुनावणी येते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरविते, किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अथवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी असतो. खाणीलगतच्या गावकऱ्यास आपले म्हणणे निर्णयापूर्वी अधिकृतपणे नोंदविण्याची खरी संधी येथेच मिळते. प्रकल्प खालच्या वर्गात पडला की अहवालाबरोबर ही सुनावणीही गळते. म्हणजे वर्ग ठरविणारा आकडा हा कोणाचे म्हणणे ऐकावयाचे हेही ठरवीत असतो.

आता दगडखाणीकडे वळू. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट म्हणजे आपला परिचित काळा दगड. ह्या खडकात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत, सांध्यांत व सच्छिद्र थरांत. खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला आणि साचणारे पाणी उपसले जाऊ लागले, की सभोवारच्या विहिरींची पातळी खालावण्याचा संभव असतो. सुरुंगाचे हादरे व उडणारे दगड, खडी फोडताना उठणारी धूळ, आणि माल वाहून नेणाऱ्या गाड्यांची वर्दळ हे अन्य परिणाम होत. ह्यांपैकी एकही परिणाम पट्ट्याच्या सीमेवर थांबत नाही. शेजारच्या पाच खाणींच्या गाड्या गावातील एकाच रस्त्याने जातात, व त्यांच्या धुळीची बेरीज एकाच हवेत होते.

तरीही प्रारंभीची मर्यादा एकेका पट्ट्याच्या क्षेत्रावर बेतलेली होती. १९९४ च्या अधिसूचनेत ५ हेक्टरांहून मोठ्या खाणपट्ट्यांचा, आणि तोही प्रमुख खनिजांपुरता, विचार होता. २००६ मध्ये गौण खनिजेही कक्षेत आली; परंतु ५ हेक्टरांची रेषा कायम राहिली. बांधकामाचा दगड हे गौण खनिजच होय. ह्या रेषेचा परिणाम काय होतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका डोंगरावर प्रत्येकी ४.८ हेक्टरांचे सहा पट्टे दिले, तर एकूण क्षेत्र २८.८ हेक्टर भरते. मात्र २००६ च्या मूळ नियमानुसार त्यांपैकी एकासही मंजुरीची गरज पडत नाही. डोंगर तोच, दगड तितकाच; केवळ नकाशावरील रेघा अधिक.

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य ह्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा हाती घेतला. हरियाणात गौण खनिजांच्या लिलावासाठी सलग क्षेत्राचे ५ हेक्टरांहून लहान तुकडे पाडले गेल्याचा आक्षेप होता. एकेका तुकड्याचा परिणाम अल्प असला तरी सर्वांचा मिळून तो लक्षणीय होऊ शकतो, अशी न्यायालयाची भूमिका राहिली. ५ हेक्टरांहून लहान पट्टेसुद्धा, त्यांच्या नूतनीकरणासह, पर्यावरणीय मंजुरीनंतरच द्यावेत असा आदेश झाला.

ह्या निर्णयाने तुकडे पाडून मंजुरी टाळण्याची वाट बंद झाली. परिणामाच्या एकत्रित मापनाची व्यवस्था मात्र अद्याप व्हावयाची होती. १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने तिचा काही अंश पुरविला. तीमध्ये ‘खाणसमूह’ ही कल्पना आली. समान खनिजाच्या क्षेत्रात एका पट्ट्याच्या सीमेपासून दुसऱ्याच्या सीमेपर्यंतचे अंतर ५०० मीटरांहून कमी असेल, तर ते पट्टे एका समूहात धरावयाचे. त्याच दुरुस्तीने जिल्हा सर्वेक्षण अहवाल आवश्यक केला आणि लहान पट्ट्यांचा निर्णय जिल्हा पातळीवरील प्राधिकरणाकडे सोपविला. परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. समूहाचे एकूण क्षेत्र २५ हेक्टरांच्या आत असेल व त्यातील एकही पट्टा ५ हेक्टरांहून मोठा नसेल, तर आघात मूल्यांकनाचा अहवाल व जनसुनावणी यांतून सूट मिळाली. वरील उदाहरणात सहाऐवजी पाचच पट्टे घेतल्यास क्षेत्र २४ हेक्टर होते, आणि गावकऱ्यांची सुनावणी गळते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ रोजी सत्येंद्र पांडे प्रकरणात ही सूट अमान्य केली. ५ ते २५ हेक्टरांच्या क्षेत्रासही अहवाल आणि जनसुनावणी लागू करावी व परीक्षण राज्यस्तरीय समितीने करावे, असे निर्देश देण्यात आले. त्यानंतर जिल्हास्तरीय प्राधिकरणांचे काम थांबले. तथापि ५०० मीटरांचे अंतर हीसुद्धा अखेर एक रेषाच आहे. पाणलोट क्षेत्र, भेगांतून वाहणारे भूजल आणि वाहतुकीचा रस्ता ह्या रेषेचे बंधन पाळत नाहीत. समूहाची कल्पना परिणामाच्या एककाजवळ जाते, पण त्याच्याशी एकरूप होत नाही.

इमारतींच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उद्भवतो. बांधकाम प्रकल्प मंजुरीच्या कक्षेत आले ते ७ जुलै २००४ च्या दुरुस्तीने. त्या वेळी कसोट्या तीन होत्या : एक हजाराहून अधिक माणसे, दररोज पन्नास हजार लिटरांहून अधिक सांडपाणी, अथवा पन्नास कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक. ह्यांपैकी पहिल्या दोन कसोट्यांचा पर्यावरणावरील भाराशी थेट संबंध होता. परंतु अंदाज फुगविणे वा आटविणे सोपे होते. २००६ मध्ये त्यांची जागा बांधीव क्षेत्राने घेतली. २० हजार चौरस मीटरांपासून दीड लाख चौरस मीटरांपर्यंतचे प्रकल्प ८ (अ) ह्या नोंदीत, आणि त्यापुढील अथवा ५० हेक्टरांवरील नगरवसाहती ८ (ब) ह्या नोंदीत गेल्या. ह्या दोहोंनाही मूळ अधिसूचनेने लोकांशी विचारविनिमयाच्या पायरीतून वगळले.

क्षेत्र मोजणे सोपे वाटते. पण क्षेत्र म्हणजे काय ह्यावरच वाद झाले. ४ एप्रिल २०११ च्या दुरुस्तीने तळघरे व सेवाक्षेत्रे धरून सर्व मजल्यांची बेरीज म्हणजे बांधीव क्षेत्र, असे स्पष्ट केले. ह्याचे महत्त्व पुण्यातील सिंहगड रस्त्यालगतच्या एका गृहप्रकल्पाच्या प्रकरणात दिसून आले. २००८ मध्ये सुमारे ५७,६५८ चौरस मीटरांस मंजुरी मिळाली असता प्रत्यक्ष बांधकाम त्याहून पुष्कळ अधिक झाले. नगररचनेतील चटई क्षेत्र निर्देशांकात जे मोजले जाते तेच बांधीव क्षेत्र, असा बचाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१८ रोजी तो फेटाळला आणि शंभर कोटी रुपये अथवा प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, यांपैकी अधिक असेल ती रक्कम भरण्याचा आदेश दिला. कारण उघड आहे. निर्देशांकातून वगळलेल्या वाहनतळासही खोदाई, सिमेंट आणि दगड लागतोच.

एककाप्रमाणेच इमारतीच्या हेतूच्या आधारेही सूट देण्याचे प्रयत्न झाले. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेतील एका टिपेने औद्योगिक छपऱ्या, शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांना ८ (अ) मधून वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी ती टीप रद्द केली. बांधकाम कोणत्या कार्यासाठी आहे ह्यावरून त्याचा भूमीवरील परिणाम बदलत नाही, हे ह्या निर्णयातील मुख्य तत्त्व होय. विद्यापीठीय वाचकांनी हे तत्त्व विशेषेकरून लक्षात ठेवावे. आपल्या परिसरातील इमारतीही त्यास अपवाद नाहीत.

येथे दोन्ही विषय एकमेकांस मिळतात. पुण्याभोवतीच्या वाघोली, मोशी यांसारख्या परिसरांत दीर्घकाळ दगडखाणी चालल्या त्या शहरातील बांधकामांच्या मागणीमुळेच. खाणीची मंजुरी एका संचिकेत असते आणि इमारतीची दुसऱ्या संचिकेत. इमारतीच्या परीक्षणात बांधकामसाहित्याचा उल्लेख येतो. पण त्या मागणीमुळे कोणता डोंगर किती खोल जाणार, याची बेरीज कोणत्याही एका निर्णयात होत नाही. एककाच्या प्रश्नाचे हे सर्वांत मोठे आणि अद्याप न सुटलेले अंग आहे.

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रशासनास रेषा हव्यातच. प्रत्येक घरासाठी आणि प्रत्येक खड्ड्यासाठी तज्ज्ञ समिती भरविता येणार नाही. हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्यावरून रेषेच्या अलीकडील गोष्टींचा परिणाम शून्य ठरत नाही. रेषा ही प्रशासनाच्या मर्यादेची खूण आहे; तिला निसर्गाच्या मर्यादेची खूण समजण्यात चूक होते. म्हणून रेषेखालील प्रकल्पांची बेरीज मांडण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे, आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल प्रामाणिकपणे तयार झाल्यास तो त्याचा पाया होऊ शकतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ह्यातून अभ्यासाची एक पद्धत निघते. मंजुरीचा कोणताही आदेश हाती घेतल्यावर प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : अर्जाची सीमा कोणी व कशाच्या आधारे आखली, त्या सीमेबाहेर त्याच प्रकारचे किती प्रकल्प आहेत, आणि सीमा थोडी मोठी धरली असती तर कोणाची सुनावणी आवश्यक झाली असती. ही पाहणी विलंबाने करून भागत नाही. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत तीस दिवसांची असून पुरेसे कारण दाखविल्यास ती आणखी साठ दिवसांपर्यंतच वाढू शकते. महाराष्ट्र आणि गोवा यांसाठीचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. नकाशा आणि आदेश शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली, तर विहिरीची पातळी खालावण्यापूर्वी हे प्रश्न विचारता येतील.