संधिप्रकाशातील गव्हाचे शेत : ‘डेज ऑफ हेवन’

दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांचा १९७८ सालचा ‘डेज ऑफ हेवन’ हा चित्रपट ज्यांनी अद्याप पाहिला नसेल, त्यांनी तो अवश्य पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कथा १९१६ च्या सुमाराची. शिकागोच्या पोलाद कारखान्यात मुकादमाशी झालेल्या झटापटीनंतर परागंदा झालेला बिल, प्रेयसी अ‍ॅबी हिला जगापुढे बहीण म्हणवून, धाकटी बहीण लिंडा हिच्यासह टेक्सासमधील एका धनाढ्य शेतमालकाकडे गव्हाच्या कापणीस रोजंदारीवर राहतो. आणि मालकाचे मन अ‍ॅबीवर जडताच, तो व्याधिग्रस्त असून फार दिवसांचा सोबती नाही हे कानी पडलेला बिल तिला त्याच्याशी विवाहास प्रवृत्त करतो.

माळावर एकाकी उभा असलेला मालकाचा टोलेजंग वाडा आणि गवतात रात्र काढणारे मजूर यांच्यामधील अंतर मॅलिक संवादांनी नव्हे, तर दृश्यांनी सांगतात, आणि हेच मला या कृतीचे खरे सामर्थ्य वाटते. प्रत्यक्ष चित्रण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाले. सूर्यास्तानंतर जेमतेम वीसेक मिनिटे टिकणाऱ्या संधिप्रकाशात अनेक प्रसंग टिपणारे छायालेखक नेस्तोर आल्मेंद्रोस यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. ते अन्य कामास्तव गेल्यावर हॅस्केल वेक्सलर यांनी उरलेले चित्रण सिद्धीस नेले.

टोळधाडीचा प्रसंग तर विलक्षणच! हेलिकॉप्टरमधून भुईमुगाची टरफले खाली सोडून, नटांना उलट पावली चालावयास लावून, फीत उलटी फिरवली, तेव्हा पडद्यावर टोळांचे थवेच्या थवे शेतातून आकाशात झेपावले.