शाखा नसलेल्या बँकेतील नोकरी



काही महिन्यांपूर्वी आठवीच्या मुलांना बँकेचे व्यवहार समजावून सांगण्यासाठी शाळेने मला बोलावले होते. मी सोबत पैसे भरण्याच्या आणि काढण्याच्या पावत्या, एक जुने पासबुक आणि एक पितळी टोकन घेऊन गेलो. टोकन वर्गभर हातोहात फिरले. मग एका मुलीने विचारले, "काका, आमच्याकडे या पावत्या कोणी भरतच नाही. आईचे खाते फोनवरच उघडले. त्या बँकेची इंदुरात शाखासुद्धा नाही. मग तिथली माणसे दिवसभर काम काय करतात?"

प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. माझी भाची बंगळुरूला अशाच एका फोनवरच्या बँकेत गेली पाच वर्षे नोकरी करते. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिच्याकडून सर्व समजून घेतले आणि माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीशी ताडून पाहिले. तेच येथे मांडतो.

आधी थोडे मागचे

इंदूरला बँक नवी नाही. १९२० साली महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयाने बँक ऑफ इंदूर स्थापन झाली. १९६० मध्ये ती स्टेट बँकेच्या छत्राखाली जाऊन स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि २६ ऑगस्ट २०१० रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. आपल्यापैकी अनेक घरांत आजोबा किंवा काका बँकेत होते, त्यांना जुने काम आठवत असेल. जाडजूड लेजरमध्ये हाताने नोंदी करायच्या, सहीचा नमुना काढून चेकवरची सही ताडून पाहायची आणि संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. एका रुपयाचा फरक असला तरी सर्वांनी बसायचे.

त्या काळातला एक नियम विशेष लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. तिजोरीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असत. एकट्याला तिजोरी उघडता येत नसे. व्हाउचरचेही तसेच. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासून सही करायची. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले, लेजर गेले, पण हा नियम गेला नाही.

शाखा नसलेली बँक म्हणजे काय?

आपल्या देशात याची सुरुवात मुंबईत झाली असे म्हणता येईल. एप्रिल २०१६ मध्ये सिंगापूरच्या डीबीएस बँकेने तेथे 'डिजिबँक' सुरू केली. खाते उघडायला शाखेत जायचे नाही; तेव्हा कॅफे कॉफी डेच्या दुकानात जाऊन आधारसाठी बोटाचा ठसा दिला की काम होत असे. मार्च २०१७ मध्ये कोटक महिंद्र बँकेने '८११' नावाचे फोनवरचे खाते आणले. ब्रिटन, दक्षिण कोरिया अशा देशांत तर मुळीच शाखा नसलेल्या बँकांना परवाने मिळाले आहेत. आपल्याकडे असा वेगळा परवाना द्यावा अशी सूचना नीती आयोगाने जुलै २०२२ मध्ये केली.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोनवर दिसणारे प्रत्येक आकर्षक ॲप ही बँक नसते. पुष्कळदा ॲप एका कंपनीचे असते आणि पैसे मात्र तिच्या मागे असलेल्या, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत असतात. खाते उघडण्यापूर्वी ती मागची बँक कोणती, हे नाव शोधून वाचावे.

समोर न बसलेला ग्राहक

भाचीची पहिली दोन वर्षे व्हिडिओवरून ओळख पटवण्याच्या कामात गेली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने याला परवानगी दिली. ग्राहक घरी बसून फोनचा कॅमेरा सुरू करतो. पलीकडे बँकेचा प्रशिक्षित कर्मचारी असतो. तो पॅनकार्ड पाहतो, चेहरा जुळवतो, माणूस भारतातूनच बोलत आहे ना हे तपासतो आणि प्रश्न विचारतो. प्रश्नांचा क्रम मुद्दाम बदलता ठेवतात, म्हणजे कोणी पढवून आणलेली उत्तरे देऊ शकत नाही. एवढे झाले तरी खाते लगेच चालू होत नाही. दुसरा माणूस ते सगळे पुन्हा तपासतो, मगच खाते सुरू होते. पाहा, दोन किल्ल्या येथेही आहेत.

तिने सांगितलेला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटला. एक वयस्क गृहस्थ व्हिडिओवर होते. कागदपत्रे बरोबर, चेहरा बरोबर. परंतु प्रत्येक प्रश्नानंतर त्यांची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला जाई आणि मग उत्तर येई. तिने विचारले, "आजोबा, खाते कशासाठी हवे आहे?" ते गप्प राहिले. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "पेन्शन". तिने तेथेच प्रक्रिया थांबवली आणि तशी नोंद केली. त्या दिवशी तिचे ठरवून दिलेले कॉल पूर्ण झाले नाहीत आणि त्याबद्दल तिला वरिष्ठांकडून ऐकून घ्यावे लागले. मी तिला म्हटले, आमच्या वेळीही काउंटरवर रांग वाढली की साहेब ओरडत, पण सहीचा संशय आला तर चेक थांबवायचा तो थांबवायचाच.

चहाच्या दहा रुपयांचा प्रवास

आता ती ताळमेळाचे काम करते. ते काय असते हे समजायला आपण सराफ्यात किंवा छप्पन दुकानावर जाऊ. तुम्ही चहाचे दहा रुपये फोनवरून देता. तुमचा निरोप ॲपमधून राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, यंत्रणेकडे जातो. ती तुमच्या बँकेला सांगते, "दहा रुपये वजा करा." मग चहावाल्याच्या बँकेला सांगते, "दहा रुपये जमा करा." दोघांचे "झाले" आले की तुमच्या फोनवर हिरवी खूण उमटते. यूपीआय नावाची ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले.

यात कधीतरी मधला एखादा दुवा अडतो. तुमचे पैसे वजा होतात, चहावाल्याला मिळत नाहीत. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने याला मुदत घातली. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, दुकानदाराच्या व्यवहारात पाच दिवसांपर्यंत. आणि उशीर झाला तर दररोज शंभर रुपये भरपाई. हे आपोआप व्हावे अशी योजना असते, पण जे आपोआप होत नाही ते माणसाला शोधावे लागते. तुमच्या बँकेची यादी, एनपीसीआयची यादी आणि समोरच्या बँकेची यादी यांची रुजवात घालून, न जुळणारी नोंद काढायची आणि तिचे कारण लावायचे. आमच्या संध्याकाळच्या कॅश जुळवणीचेच हे मोठे भावंड आहे. फरक इतकाच की आमची संध्याकाळ संपायची. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालते, त्यामुळे या बँकांत रात्रपाळी असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाचीच्या मांडीवर लॅपटॉप होता, कारण सणाला लोक जास्त खरेदी करतात.

दुसरी किल्ली चोरली तर?

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची जुनी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत अठ्ठावीस देशांतील एटीएममधून तिचे पैसे बनावट कार्डांनी काढले गेले. दोन दिवसांनी आणखी रक्कम परदेशी खात्यात वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हे कसे घडले? एटीएमकडून "पैसे देऊ का?" असा प्रश्न आला की बँकेची यंत्रणा खाते तपासून उत्तर देते. चोरांनी या दोहोंच्या मध्ये आपली बनावट यंत्रणा बसवली आणि ती खाते न पाहताच प्रत्येक वेळी "द्या" म्हणत राहिली. म्हणजे तपासनिसाच्या जागी तोतया उभा राहिला. फटका खातेदारांना नव्हे तर बँकेला बसला, पण धडा सगळ्यांनाच मिळाला. आज अशा बँकांत कित्येक तरुण-तरुणींचे काम एवढेच असते की कोणत्याही क्षणी काही विपरीत हालचाल दिसते का, यावर डोळा ठेवायचा.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रकरणाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. ते बहुतांशी बनावट कार्ड घेऊन एटीएममधून रोख काढणारे लोक होते. यंत्रणेत घुसणारे सूत्रधार लांब राहिले, पैसे हाताळणारे सापडले.

आज हेच काम भाड्याच्या खात्यांतून होते. महाविद्यालयातील मुलाला कोणीतरी म्हणतो, "तुझे खाते आणि सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो." त्या खात्यात एखाद्या फसवल्या गेलेल्या आजीचे पैसे येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात. पोलीस मात्र खात्यावर ज्याचे नाव त्याच्या दारात येतात. भाची म्हणाली, असे खाते गोठवताना समोर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा फोटो दिसतो तेव्हा फार वाईट वाटते. म्हणून आपले खाते, कार्ड, सिम कोणालाही वापरायला देऊ नका. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा: पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत, आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

नोकरी म्हणून कशी?

चांगले असे की गुणांना वाव लवकर मिळतो, कमी वयात मोठी जबाबदारी येते, दर तीन वर्षांनी लहान गावी बदली होत नाही. उणे असे की रात्री फोन वाजतो, आकड्यांचे लक्ष्य डोक्यावर असते, आणि नोकरीची ती जुनी शाश्वती राहत नाही. भाचीला आणखी एक गोष्ट सलते. पाच वर्षांत तिने हजारो माणसांचे काम केले, पण "बेटा, काम झाले" म्हणत काउंटरवर पेढा ठेवणारे कोणी भेटले नाही.

या क्षेत्रात फक्त संगणक अभियंतेच लागतात हा समज चुकीचा आहे. तिच्या विभागात वाणिज्य, संख्याशास्त्र, कायदा शिकलेली माणसे आहेत आणि ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलणारीही आहेत. मराठी आणि हिंदी दोन्ही उत्तम येणाऱ्या आपल्या मुलांना येथे जागा आहे. गणित पक्के करा, लिहिलेले तपासून पाहण्याची सवय लावा.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. शनिवारी एक तास मोठ्या वर्गातील मुलांनी आजी-आजोबांना फोनवरचे सुरक्षित व्यवहार शिकवावेत, अशी सोय शाळेत करता येईल का? शाखा लांब गेली म्हणून ज्यांची अडचण झाली आहे, त्यांना त्याचा आधार होईल. मी स्वतः यायला तयार आहे.

आणि त्या मुलीला उत्तर: बाळा, तिथली माणसे तेच करतात जे आम्ही करत होतो. दुसऱ्याचे पैसे आपले समजायचे नाहीत, आणि दुसऱ्याच्या पैशांची काळजी मात्र आपल्या पैशांसारखी घ्यायची. फक्त आता तो दुसरा माणूस त्यांना दिसत नाही, म्हणून हे काम अधिक अवघड झाले आहे.