सरकारी भिंत आणि धर्मवचन

सरकारी इमारतींत धर्मवचन लावावें कीं नाहीं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २७ जून २००५ या एकाच दिवशीं या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं, तींहि पांच विरुद्ध चार मतांनीं. केंटकी राज्यांतील दोन जिल्हा-न्यायालयांत बायबलांतील दहा आज्ञा टांगल्या होत्या. त्यांमागील हेतु धर्मपुरस्काराचा, म्हणून त्या घटनाबाह्य ठरल्या. टेक्ससच्या विधानभवनाच्या आवारांतील त्याच आज्ञांचा सहा फूट उंच शिलास्तंभ मात्र राहिला. कारण तो १७ स्मारकांपैकीं एक असून १९६१ पासून चाळीस वर्षें निर्वेध उभा होता.

मी जन्मभर शाळेंत शिकविलें. फळ्याइतकीच भिंतहि मुलें वाचतात. न्याय मागावयास आलेल्या अन्यधर्मीयास न्यायालयाची भिंत परकी वाटूं नये, हेंच धर्म व राज्य निराळे ठेवण्याचें मर्म होय.