कुलपातले कपाट

इंग्लंडमधल्या जुन्या औषधी दुकानांत भिंतभर लाकडी खण असत, प्रत्येकावर नाव. विषाचे कपाट मात्र वेगळे, कुलूपबंद. विषाच्या बाटलीला कंगोरे ठेवीत. अंधारातही हाताला कळावे!

हे शहाणपण फुकट आले नाही. १८५८ साली ब्रॅडफर्ड शहरात मिठाईवाल्याने भेसळीसाठी पांढरी पूड मागवली; औषधी दुकानातल्या पोऱ्याने चुकून सोमल मोजून दिला. सुमारे २० माणसे दगावली, त्यांत मुलेही. १८६८ च्या कायद्याने बाटलीवर ‘विष’ लिहिणे सक्तीचे केले.

आपल्याकडे अतिविषारी कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो. पण आपण त्यालाही ‘औषध’च म्हणतो, तिथेच पंचाईत! लेकराला त्रिकोण काय कळणार? फवारणीचा डबा ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवू नका. घराबाहेर कुलपाची पेटी करा, किल्ली उंच खुंटीला.