क्लच न दाबता गिअर

आमच्या वार्षिकात कथा, कविता आणि सहलीची वर्णने यांची गर्दी असते. त्यांत मोटारसायकलच्या गिअरविषयी लेख पाहून काही वाचकांना, विशेषतः आमच्या मराठीच्या सरांना, नवल वाटेल. परंतु कॉलेजच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांवर नजर टाकली, तर स्पोर्ट बाईक घेणाऱ्या, म्हणजे बहुधा हप्त्यांवर घेणाऱ्या, मित्रांची संख्या लहान नाही हे दिसून येईल. त्यांतील बऱ्याच गाड्यांना 'क्विकशिफ्टर' नावाची सोय असते. ती आहे याचा अभिमान सर्वांनाच असतो. ती कशी वापरावी हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. मागे बसलेल्याचे हेल्मेट दर गिअरला चालवणाऱ्याच्या हेल्मेटवर आदळत असेल, तर दोष यंत्राचा नसून बहुधा पायाचा असतो.

क्विकशिफ्टर म्हणजे क्लच न दाबता आणि वर जाताना रेसही न सोडता गिअर बदलण्याची सोय. ती मुळात शर्यतीच्या गाड्यांवरची. आपल्याकडे २०२० साली आलेल्या के.टी.एम. ३९० अ‍ॅडव्हेंचरवर ती होती. ही गाडी पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. २०२१ मध्ये यामाहाच्या आर-१५ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर ती १५५ सी.सी.च्या गाडीवरही दिसू लागली.

आता ही जादू चालते कशी ते पाहू. गिअरबॉक्समध्ये सर्व गिअरचे दात कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. गिअर 'पडतो' तेव्हा एका चक्राच्या बाजूला असलेले ठोकळे शेजारच्या चक्राच्या खाचांत शिरून बसतात. इंजिन जोर लावत असते तोवर हे ठोकळे खाचेच्या भिंतीला घट्ट दाबलेले असतात व सहजी सुटत नाहीत. दार आतून कोणी ढकलत असेल तर बाहेरची कडी निघत नाही. ढकलणारा क्षणभर थांबला की तीच कडी एका बोटाने निघते. अगदी तसेच हे आहे. क्लच दाबून आपण त्या ढकलणाऱ्याला बाजूला करतो. क्विकशिफ्टर त्यालाच सांगतो, 'जरा थांब.' गिअरच्या दांडीवर बसवलेला सेन्सर पायाचा दाब ओळखतो, गाडीतला छोटा संगणक सेकंदाच्या पाच ते दहा शतांश एवढाच वेळ इंजिनाची ठिणगी किंवा पेट्रोल तोडतो आणि तेवढ्यात ठोकळे एका खाचेतून सुटून दुसऱ्या खाचेत जातात. पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो.

हे सारे मी घरी सांगितले तेव्हा स्प्लेंडरवरून दूध घालणाऱ्या आमच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "मग क्लच ठेवलाय कशाला?" प्रश्न मार्मिक आहे, आणि अर्धे उत्तर त्यातच आहे. गाडी सुरू करून निघताना, थांबताना आणि बाजाराच्या गर्दीत रांगताना क्लच लागतोच. इंजिनाचे फेरे कमी असताना क्विकशिफ्टर वापरला तर गाडी घोड्यासारखी उसळते. पहिल्या व दुसऱ्या गिअरमधील अंतर सर्वांत मोठे असते, शिवाय मध्ये न्यूट्रल असते; म्हणून हळू चालताना हा बदल तरी क्लच दाबूनच करावा असे माझे मत आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वर जाताना मुख्य गोष्ट अशी की इंजिन गाडीला ओढत असले पाहिजे. रेस उघडी आणि स्थिर ठेवावी. इथेच सवय आडवी येते. वर्षानुवर्षे गिअर बदलताना आपण मूठ सोडत आलो. हात आपोआप तेच करतो. मग इंजिन उलटे मागे खेचू लागते, ठोकळे दुसऱ्या बाजूने दाबले जातात आणि झटका बसतो. संगणक जे काम करणार आहे ते हाताने करू नये. फेरे मात्र चांगले चढू द्यावेत. समजा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल आणि चौथ्यात ते साडेसहा हजारांच्या आसपास येत असेल, तर आवाज एका पट्टीवरून खालच्या पट्टीवर उतरल्यासारखा ऐकू येतो. कान तयार झाला की मीटरकडे पाहावे लागत नाही.

पायाचे काम याहून नाजूक. बोटांनी लिव्हर टिचकी मारल्यासारखी हलवू नये, तिच्यावर लाथही मारू नये. ती एका दमात शेवटपर्यंत उचलावी, गिअर बसेपर्यंत धरावी आणि मग पूर्ण सोडावी. अर्धवट उचलली तर सेन्सर इंजिन तोडतो, पण ठोकळे खाचेत न बसता कडेवर घासतात. गाडी फसव्या न्यूट्रलमध्ये जाते आणि मागून ट्रक येत असेल तर तो क्षण फार मोठा वाटतो. क्विकशिफ्टरने गिअरबॉक्स जातो अशी आमच्याकडे समजूत आहे. गिअरबॉक्सची झीज होते ती मुख्यतः या अर्धवटपणाने. लिव्हरखाली पाय टेकवून बसण्याची सवयही वाईट, कारण तो दाबही सेन्सरला कळतो. चपलेतून तर दाब नीट पोचतच नाही. आणि चेन सैल असेल तर पाय कितीही शहाणा असला तरी झटका बसणारच.

घरच्या स्प्लेंडरवर शिकलेल्यांनी आणखी जपावे. तिचे सर्व गिअर पुढे दाबून पडतात. स्पोर्ट बाईकचा पहिला खाली आणि पुढचे सगळे वर असतात. वेगात असताना जुन्या सवयीने पाय खाली दाबला गेला, तर गाडी वरच्याऐवजी खालच्या गिअरमध्ये जाते, मागचे चाक अडखळते, आणि घाटातल्या ओल्या वळणावर हे जिवावर बेतू शकते.

खाली येताना सारे उलट. खालच्या गिअरला फेरे जास्त हवेत, म्हणून संगणकाला स्वतःच क्षणभर रेस द्यावी लागते. त्यासाठी रेसची झडप विजेच्या मोटरने उघडणारी हवी. आर-१५ चा क्विकशिफ्टर फक्त वर जाताना चालतो. ३९० अ‍ॅडव्हेंचरचा दोन्ही बाजूंनी. खाली येताना मूठ पूर्ण बंद ठेवावी, ब्रेकने वेग उतरू द्यावा आणि एकेक गिअर, मध्ये श्वास घेत, खाली आणावा. सटासट तीन गिअर पाडल्यास आवाज ऐटदार येतो खरा, पण मागचे चाक टणाटण उडू लागते.

माझ्या मामेभावाच्या आर-१५ चे अजून चौदा हप्ते बाकी आहेत. एकटा असला की तो क्विकशिफ्टर वापरतो आणि आता झटका जाणवत नाही. मामी मागे बसल्या की मात्र तो सरळ क्लच दाबतो. त्या एका बाजूला पाय सोडून बसतात आणि त्यांच्या मांडीवर बाजाराची पिशवी असते.